घराच्या उबेचा हिशेब

थंड प्रदेशातील घर उबदार ठेवण्याचा प्रश्न सामान्यतः उष्णता कशी निर्माण करावी या अंगाने विचारला जातो आणि त्याचे उत्तर बुखारी, वायूवर चालणारा बॉयलर किंवा विजेचा हीटर यांच्या निवडीत शोधले जाते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याआधी येणारा प्रश्न उष्णता कशी राखावी हा आहे. घरातील तापमान स्थिर असते तेव्हा आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता समसमान असते. म्हणजेच दिवसभरात भिंती, छप्पर, जमीन, खिडक्या आणि फटी यांवाटे जेवढी उष्णता निघून जाते, नेमकी तेवढीच भरून काढण्यासाठी इंधन किंवा वीज खर्च होते. फुटक्या रांजणातील पाण्याची पातळी टिकवायची असेल तर वरून सतत पाणी ओतत राहता येते किंवा भोके बुजवता येतात; हिवाळ्यातील बिलाचा सारा हिशेब या दोन मार्गांच्या प्रमाणावर अवलंबून असतो आणि ओतण्याच्या साधनापेक्षा बुजवण्याच्या कामाला आधी हात घालणे जवळजवळ नेहमीच किफायतशीर ठरते.

उष्णता बाहेर कशी जाते

उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते आणि तिचा हा प्रवास तीन प्रकारे होतो. घन पदार्थातून कणाकणाने पुढे सरकते ते वहन, हवेच्या किंवा पाण्याच्या हालचालीबरोबर वाहून जाते ते अभिसरण आणि कोणत्याही माध्यमावाचून अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते ते प्रारण होय. घराच्या भिंतीतून उष्णता जाताना हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडतात. म्हणून अभियंते त्या सर्वांचा एकत्रित परिणाम एका आकड्यात मांडतात आणि त्याला यू-मूल्य म्हणतात. भिंतीच्या एक चौरस मीटर क्षेत्रातून, आतल्या व बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निघून जाते हे यू-मूल्य सांगते. ते जितके कमी, तितकी भिंत उष्णता धरून ठेवणारी.

गिलावा केलेल्या नऊ इंची भरीव विटांच्या भिंतीचे यू-मूल्य साधारणतः २ असते. अशा भिंतीचे बाहेरच्या बाजूला असलेले क्षेत्र १०० चौरस मीटर आहे, घरात २० अंश सेल्सिअस आणि बाहेर ५ अंश तापमान आहे असे मानले, तर केवळ भिंतींतून सतत ३,००० वॅट, म्हणजे दिवसाला ७२ युनिट उष्णता निसटते. (एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालल्यास जी ऊर्जा खर्च होते ती एक युनिट.) त्याच भिंतीला पुरेसा उष्णतारोधक थर देऊन यू-मूल्य ०.३ वर आणले, तर हा ऱ्हास दिवसाला ११ युनिटांच्याही खाली येतो. भट्टी तीच, इंधन तेच आणि तापमानही तेच राहूनही खर्च सुमारे सातव्या हिश्शावर येतो, कारण बदल उष्णतेच्या उगमात न होता तिच्या वाटेत झालेला असतो.

उष्णतारोधक थर कशाचा असावा, याचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. काचलोकर, खनिज लोकर, थर्माकोल, मेंढीची लोकर, पेंढा, लाकडाचा भुसा आणि जुन्या कागदाचा लगदा हे सगळे पदार्थ मूलतः एकच काम करतात, ते म्हणजे हवेला स्थिर ठेवण्याचे. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक असून तिची वाहकता काँक्रीटच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शापेक्षाही कमी असते. परंतु मोकळ्या पोकळीतील हवा स्थिर राहत नाही, गरम बाजूला वर चढते, थंड बाजूला खाली उतरते आणि उष्णता वाहून नेते. तंतूंच्या किंवा बुडबुड्यांच्या असंख्य लहान कप्प्यांत ती कोंडली गेली की हे अभिसरण थांबते. याच कारणाने लोकर ओली झाली किंवा दाबून चेपली गेली तर तिचा गुण नाहीसा होतो, आणि याच कारणाने जाड दगडी भिंत भक्कम असूनही उबदार असतेच असे नाही, कारण दगडात कोंडलेली हवा जवळपास नसते.

खिडकी ही भिंतीतील सर्वांत दुबळी जागा असते. एकेरी तावदानाचे यू-मूल्य ५.७ च्या आसपास, म्हणजे विटांच्या भिंतीच्याही जवळजवळ तिप्पट असते. दोन काचांमध्ये हवेची बंद पोकळी ठेवली की ते निम्म्यावर येते. त्या पोकळीत हवेऐवजी आरगॉन हा अधिक मंद वाहक वायू भरला आणि एका काचेवर चांदीचा डोळ्यांना न दिसणारा पातळ लेप दिला, तर ते १.१ पर्यंत उतरते, कारण हा लेप प्रकाश आत येऊ देतो पण खोलीतून बाहेर निघालेले अवरक्त किरण परत फिरवतो. तिहेरी काचांच्या आधुनिक खिडक्यांत हे मूल्य ०.७ पर्यंत खाली आणता येते.

खिडकीचा परिणाम केवळ बिलावर होत नाही, तर शरीराला जाणवणाऱ्या उबेवरही होतो. माणसाला खोलीत किती उबदार वाटते हे हवेच्या तापमानाइतकेच सभोवतालच्या पृष्ठभागांच्या तापमानावर अवलंबून असते, कारण त्वचा आणि भिंती यांच्यात प्रारणाची देवघेव अखंड चालू असते. आत २० आणि बाहेर ५ अंश असताना एकेरी काचेचा आतील पृष्ठभाग केवळ ९ अंशांच्या आसपास असतो, तर उत्तम तिहेरी काचेचा १८ अंशांहून अधिक. थंड काचेजवळ बसलेला माणूस हवा पुरेशी गरम असूनही गारठतो आणि हीटरचा आकडा वाढवतो. उलट सगळे पृष्ठभाग उबदार असलेल्या खोलीत हवेचे तापमान एक-दोन अंशांनी कमी असले तरी ते खटकत नाही.

फटींची किंमत

भिंती आणि खिडक्या यांच्याइतकीच उष्णता नकळत निसटणाऱ्या हवेबरोबर जाऊ शकते. गरम हवा हलकी असल्याने ती घराच्या वरच्या भागातून, म्हणजे माळ्याच्या दारातून, दिव्यांसाठी छतात पाडलेल्या भोकांतून आणि वापरात नसलेल्या धुराड्यातून बाहेर पडते आणि तिची जागा घेण्यासाठी खालच्या मजल्यावरील दारांच्या, फळ्यांच्या व नळांच्या भोवतालच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. धुराडे ज्या तत्त्वावर धूर वर खेचते, त्याच तत्त्वावर सारे घर स्वतःच धुराड्यासारखे वागू लागते. बाहेर जितकी थंडी अधिक, तितकी ही ओढ जोरदार असते आणि वाऱ्याने तीत भर पडते.

सुमारे २५० घनमीटर आकारमानाच्या घरातील सगळी हवा दर तासाला एकदा बदलत असेल आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक असेल, तर ती हवा तापवण्यासाठीच दिवसाला सुमारे ३० युनिट उष्णता लागते. जुन्या, फटीफटींच्या घरांत हवेचा असा बदल असामान्य नसतो. फटी कोठे आहेत हे शोधण्यासाठी दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी-अधिक केला जातो आणि त्या दाबाला तासाभरात घरातील हवा किती वेळा बदलते हे मोजले जाते; अशी चाचणी चालू असताना अवरक्त छायाचित्र घेतले की थंड हवेच्या रेघा भिंतीवर स्पष्ट उमटतात. दाराखालची पट्टी, खिडकीच्या कडेची रबरी पट्टी, चौकटीभोवती भरलेली लांबी आणि बंद धुराड्याच्या तोंडाशी बसवलेला बोळा हे उपाय क्षुल्लक वाटत असले तरी खर्चाच्या तुलनेत त्यांच्याइतकी परतफेड देणारे दुसरे काम घरात क्वचितच असते.

ओल आणि मोकळी हवा

फटी बुजवण्याला एक मर्यादा आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले की ऊर्जाबचतीचा उपाय आरोग्याचा प्रश्न निर्माण करतो. श्वास, घाम, स्वयंपाक, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून चार माणसांच्या कुटुंबात दररोज साधारणतः १० लिटर पाण्याची वाफ हवेत मिसळते. २० अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, तर ५ अंशांची हवा ७ ग्रॅमपेक्षा कमी; म्हणून उबदार दमट हवा थंड पृष्ठभागाला टेकली की जादा बाष्प पाण्याच्या थेंबांच्या रूपाने तेथे बसते. ज्या तापमानाला हे घडू लागते त्याला दवबिंदू म्हणतात. २० अंश तापमानाच्या आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो, त्यामुळे एकेरी काच, उघड्या काँक्रीटची तुळई आणि कपाटामागचा न तापणारा कोपरा या जागा आधी ओलावतात आणि तेथेच काळी बुरशी धरते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी ब्रिटन-जर्मनीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात भिंतीवर दिसणारे काळे डाग बहुधा याच प्रक्रियेतून आलेले असतात. ते पावसाच्या गळतीचे असतीलच असे नाही.

यावरचा उपाय खिडक्या सदासर्वकाळ किलकिल्या ठेवणे हा नाही. तशा ठेवल्याने खिडकीभोवतालची भिंत थंड पडते आणि उष्णता सतत वाया जाते. जर्मनीत रूढ असलेली पद्धत अशी, की हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडाव्यात आणि पुन्हा घट्ट लावाव्यात, म्हणजे दमट हवा पूर्ण बदलते, परंतु भिंती, जमीन आणि सामान यांत साठलेली उष्णता तेवढ्या वेळात फारशी कमी होत नाही. बाहेर पाऊस असला तरी ही पद्धत उपयोगी पडते, कारण ५ अंशांची पूर्ण दमट हवादेखील आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते आणि ती घरातील ओल शोषून घेऊ शकते. जेथे कोळसा, लाकूड किंवा वायू खोलीतच जळतो तेथे हवेची आवक पूर्णपणे बंद करणे तर थेट जीवघेणे असते. अपुऱ्या प्राणवायूत जळणाऱ्या इंधनातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने झोपलेल्या माणसांना त्याची जाणीवही होत नाही. कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत झोपणे म्हणूनच कोणत्याही परिस्थितीत टाळले पाहिजे.

रेजायना ते डार्मश्टाट

१९७३ च्या तेलसंकटानंतर थंड देशांमध्ये घरांच्या ऊर्जेचा प्रश्न तातडीचा झाला आणि त्या काळच्या अपेक्षेनुसार उत्तर सौरऊर्जेत शोधले जाऊ लागले. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात तेथील हवामानाला योग्य असे सौर घर उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी हिशेब मांडून वेगळाच निष्कर्ष काढला. हिवाळ्यात तापमान उणे ३० अंशांखाली जाणाऱ्या आणि दिवस लहान असणाऱ्या त्या प्रदेशात ऊन गोळा करण्यापेक्षा उष्णता रोखून धरणे अधिक स्वस्त होते. १९७७ मध्ये रेजायना शहरात उभ्या राहिलेल्या सस्कॅचेवान संवर्धन गृहाच्या भिंतींचे यू-मूल्य सुमारे ०.१४ आणि छपराचे सुमारे ०.१ होते, बांधकाम जवळजवळ हवाबंद होते, आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारे उष्णता-विनिमय यंत्र त्यात बसवलेले होते. सौर यंत्रणाही बसवण्यात आली होती, पण घराची गरजच इतकी घटली होती की तिचा खर्च भरून निघणे अवघड झाले.

उष्णता-विनिमय यंत्राची कल्पना साधी आहे. दोन हवाप्रवाह एकमेकांत न मिसळता पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी विरुद्ध दिशांना वाहतात, त्यामुळे बाहेर जाणारी २० अंशांची हवा आपली बहुतांश उष्णता आत येणाऱ्या थंड हवेला देऊन जाते आणि ओल व दुर्गंध बाहेर जाऊनही ऊब घरातच राहते. फटींतून अनियंत्रितपणे येणारी हवा थांबवायची आणि लागेल तेवढीच हवा ठरलेल्या वाटेने आणायची, हे त्यामागील तत्त्व असल्याने हवाबंद बांधकाम आणि शुद्ध हवा यांतील विरोध येथे मिटतो.

या प्रयोगांचा पुढचा टप्पा युरोपात आला. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे बू आदाम्सन आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांनी १९८८ मध्ये चर्चेतून मांडलेल्या कल्पनेवर डार्मश्टाट शहराच्या क्रानिखश्टाइन भागात एकमेकांना लागून चार घरे बांधण्यात आली आणि १९९१ मध्ये त्यांत लोक राहू लागले. यांतून ‘पासिवहाउस’ नावाने ओळखला जाणारा मानदंड तयार झाला. त्याची मुख्य अट अशी, की घर तापवण्यासाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला १५ युनिटांपेक्षा अधिक उष्णता लागू नये आणि ५० पास्कल दाबाच्या चाचणीत घरातील हवा तासाला ०.६ पटींपेक्षा अधिक बदलू नये. उष्णतारोधन नसलेल्या जुन्या जर्मन घरांना हीच गरज २०० युनिटांहूनही अधिक असू शकते. इतकी कमी गरज असलेल्या घरात माणसांच्या शरीरांतून मिळणारी प्रत्येकी सुमारे १०० वॅट उष्णता, स्वयंपाकघरातील व विजेच्या उपकरणांतील उष्णता आणि दक्षिणेकडील खिडक्यांतून येणारे ऊन हाच तापवण्याचा मोठा आधार बनतो आणि कडाक्याच्या थंडीतही १०० चौरस मीटरच्या घराला एका लहान हीटरएवढी, म्हणजे सुमारे १,००० वॅट, भर पुरेशी होते.

लडाखचे ऊन

रेजायनाचा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू होत नाही आणि त्याचे उत्तम उदाहरण भारतातच आहे. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून तेथील हिवाळी रात्री उणे २० अंशांपर्यंत उतरतात. मात्र पर्जन्यछायेच्या या प्रदेशात आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते, हवा विरळ असल्याने ऊन प्रखर लागते आणि जळणासाठी लाकूड मात्र दुर्मीळ असते. पारंपरिक लडाखी घराने या परिस्थितीशी जुळवून घेतलेले दिसते. जाड कच्च्या विटांच्या भिंती, पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काटक्या, गवत आणि माती यांचे थर देऊन केलेले सपाट छप्पर, खालच्या मजल्यावर गुरे, शेणाच्या गोवऱ्यांवर चालणारी चूल आणि हिवाळ्यात सगळ्या कुटुंबाने स्वयंपाकघरात एकत्र राहणे ही त्याची अंगे होत. सगळे घर न तापवता एकच खोली तापवणे ही बचतीची जुनी आणि परिणामकारक रीत आहे. काश्मीरमध्ये फेरनच्या आत धरली जाणारी कांगडी तर खोलीही सोडून थेट माणसालाच ऊब देते.

या परंपरेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका नव्या घटकाची भर पडली. दक्षिणेकडील जाड भिंतीला बाहेरून काळा रंग द्यायचा आणि तिच्यापुढे काही अंतरावर काच बसवायची, ही रचना एडवर्ड मोर्स या अमेरिकी संशोधकाने १८८१ मध्ये पेटंट केली होती; परंतु फ्रान्समध्ये ओदेयो येथे १९६० च्या दशकात फेलिक्स त्रोंब या अभियंत्याने आणि जाक मिशेल या वास्तुरचनाकाराने ती प्रत्यक्ष घरांत वापरल्यावर ‘त्रोंब भिंत’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. काचेतून सूर्यप्रकाश आत जातो आणि काळी भिंत तो शोषून तापते, पण तापलेल्या भिंतीतून निघणाऱ्या लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना काच बाहेर जाऊ देत नाही. भिंतीत शिरलेली उष्णता तीस-चाळीस सेंटिमीटर जाडी ओलांडून आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत साधारणतः आठ-दहा तास लागतात, म्हणून दुपारचे ऊन रात्री खोलीत उतरते. भिंतीला वर आणि खाली झडपा ठेवल्या तर दिवसा काचेमागची गरम हवाही आत घेता येते. रात्री मात्र त्या बंद कराव्या लागतात, नाहीतर हाच प्रवाह उलटा फिरून खोली थंड करतो.

लेहजवळील शे येथील ‘द्रुक व्हाइट लोटस’ शाळेच्या वसतिगृहात अशा भिंती आहेत, तर फे गावातील ‘सेकमोल’ या शैक्षणिक संस्थेच्या मातीच्या इमारती हिवाळ्यात दक्षिण बाजूला प्लास्टिकचे आच्छादन लावून बनवलेल्या हरितगृहाच्या आधारे उबदार राहतात आणि उन्हाळ्यात ते आच्छादन काढून ठेवले जाते. सूर्याच्या उंचीचाही येथे उपयोग होतो. लेहच्या अक्षांशावर डिसेंबरमधील मध्यान्हीचा सूर्य क्षितिजावर जेमतेम ३२ अंश वर असतो आणि जूनमध्ये सुमारे ७९ अंश, त्यामुळे योग्य लांबीचा छज्जा हिवाळ्यातील तिरपे ऊन आत येऊ देतो आणि उन्हाळ्यातील उभे ऊन अडवतो.

येथे उष्णता साठवणे आणि उष्णता रोखणे यांतील भेद स्पष्ट होतो. मातीची जाड भिंत पुष्कळ उष्णता साठवते, पण स्वतः चांगली उष्णतारोधक नसते. पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीच्या कच्च्या विटांच्या भिंतीचेही यू-मूल्य १ च्या वरच राहते. ऊन पडणाऱ्या दक्षिण बाजूला साठवण उपयोगी पडते, तर कायम सावलीत असलेल्या उत्तर बाजूला तीच भिंत उष्णता गमावत राहते. सुधारित लडाखी घरांत म्हणूनच सावलीकडील भिंत दुहेरी करून मधल्या पोकळीत पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरला जातो आणि छतालाही तसाच थर दिला जातो. ऊन कितीही भरपूर असले तरी ते राखण्याची सोय नसेल तर पहाटेपर्यंत टिकत नाही.

यंत्राची निवड

घराची गरज कमी केल्यानंतर उरलेली उष्णता कोणत्या साधनाने द्यावी हा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो. विजेचा साधा हीटर, मग तो पंख्याचा असो, तेलाचा असो किंवा तारेचा, एका युनिट विजेपासून एकच युनिट उष्णता देतो. त्यामुळे एका प्रकारचा हीटर दुसऱ्यापेक्षा कमी वीज घेऊन तेवढीच खोली तापवतो, या जाहिरातींना भौतिकशास्त्रीय आधार नसतो. उष्मापंपाची गोष्ट मात्र वेगळी आहे. शीतकपाट ज्याप्रमाणे आतील उष्णता काढून बाहेर टाकते, त्याच तत्त्वाने हे यंत्र बाहेरच्या थंड हवेतील किंवा जमिनीतील उष्णता घरात आणते, आणि विजेचा उपयोग ती निर्माण करण्यासाठी न करता वाहून आणण्यासाठी करते. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्येच या शक्यतेचे विवेचन केले होते. चांगला उष्मापंप हिवाळ्याच्या सरासरीने एका युनिट विजेपासून तीनच्या आसपास युनिट उष्णता देतो. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या अतिशीत देशांत त्याचा प्रसार मोठा आहे.

तरीही उष्मापंपाने बिल घटेलच असे नाही. ब्रिटनसारख्या देशात विजेचा दर नैसर्गिक वायूच्या दराच्या तिप्पट-चौपट असल्याने तिपटीचा लाभ दरांच्या फरकातच विरून जाऊ शकतो. शिवाय पंपाने तापवायच्या पाण्याचे आणि बाहेरचे तापमान यांत जितके अंतर अधिक, तितकी पंपाची कार्यक्षमता घटते. म्हणून रेडिएटरमध्ये ७० अंशांचे पाणी लागणाऱ्या गळक्या घरात तो महागडा ठरतो आणि ३५ ते ४५ अंशांच्या पाण्यावर भागणाऱ्या, नीट रोधलेल्या घरात स्वस्त. वायूवर चालणाऱ्या आधुनिक बॉयलरलाही हेच लागू पडते. त्याच्या धुरातील वाफ थंड होऊन तिची सुप्त उष्णता परत मिळावी अशी त्याची रचना असते, परंतु परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांपेक्षा गरम असेल तर ती वाफ पाण्यात रूपांतरित होत नाही आणि हा लाभ हातचा जातो. पाण्याचे तापमान कमी ठेवणे हा एक पैसाही खर्च न होणारा उपाय अनेक घरांत केवळ माहितीअभावी राहून जातो.

खोलीचे तापमान किती ठेवावे यालाही हिशेब आहे. उष्णतेचा ऱ्हास तापमानातील फरकाच्या प्रमाणात असल्याने बाहेर ५ अंश असताना आतील तापमान २० वरून १९ वर आणले, तर फरक १५ वरून १४ वर येतो आणि सुमारे सात टक्के उष्णता वाचते. रात्री किंवा घर रिकामे असताना तापमान उतरवल्यास घर पुन्हा तापवायला जादा ऊर्जा लागते, असा समज प्रचलित असला तरी तो सामान्यतः चुकीचा आहे, कारण घर जितका वेळ थंड असते तितका वेळ त्यातून उष्णता कमीच बाहेर जाते. या बचतीलाही खालची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत थंड हवामानाच्या प्रदेशांसाठी घरातील किमान सुरक्षित तापमान १८ अंश मानले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व दीर्घ आजारी माणसे यांना त्याहून अधिक ऊब लागू शकते.

जुन्या घरातील क्रम

नवे घर बांधणे फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांना आहे त्या घरातच सुधारणा करायची असते आणि तेथे कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम छपरातून व भिंतींतून येणारी ओल थांबवावी, कारण ओल्या भिंतीवर रोधक थर दिल्यास पाणी आत अडकते. त्यानंतर फटी बुजवाव्यात आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर यांतील दमट हवा बाहेर काढण्याची सोय करावी. मग माळ्यावर किंवा छताखाली रोधक थर द्यावा, कारण तेथे जागा मोकळी असते आणि काम सोपे असते. भिंतीच्या पोकळीत रोधक भरणे, भिंतीला आतून किंवा बाहेरून थर देणे आणि खिडक्या बदलणे ही खर्चिक कामे त्यानंतर येतात. जाड पडदे रात्री ओढल्याने खिडकीचा ऱ्हास काही प्रमाणात कमी होतो, मात्र तेच पडदे रेडिएटरवर लोंबत असतील तर ऊब खोलीऐवजी काचेकडे जाते. तापवण्याचे यंत्र सर्वांत शेवटी बदलावे, म्हणजे घटलेल्या गरजेच्या मापाचे लहान यंत्र घेता येते.

अशा सुधारणांनंतरही बिल अपेक्षेइतके उतरत नाही, असा अनुभव अनेकदा येतो, आणि त्याचे कारण नेहमीच सदोष काम हे नसते. पूर्वी एकच खोली तापवणारे कुटुंब ऊब स्वस्त झाल्यावर सगळे घर तापवू लागते. कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, हे निरीक्षण अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भात मांडले होते. गारठलेल्या घरातील माणसांनी बचतीचा काही भाग सुखासाठी वापरला, तर त्याला अपव्यय म्हणता येत नाही. परंतु बचतीचे अंदाज बांधताना तो लक्षात घ्यावा लागतो. दुसरी अडचण मालकीची आहे. भाड्याच्या घरात सुधारणेचा खर्च मालकाने करायचा आणि बिलातील बचत भाडेकरूला मिळायची अशी स्थिती असल्याने दोघांनाही पुढाकार घेण्याचे कारण उरत नाही. ही कोंडी बाजार आपोआप फोडत नाही, म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ पासून खाजगी भाड्याच्या घरांना किमान ऊर्जा-श्रेणीची कायदेशीर अट घालण्यात आली.

भारतीय घरांसाठी

महाराष्ट्रात घर तापवण्याची गरज क्वचितच भासते. निफाड परिसरात काही रात्री पारा बराच खाली जात असला तरी थंडीची ती लाट अल्पकाळची असते. येथील हिवाळी बिलात भर पडते ती प्रामुख्याने आंघोळीच्या पाण्यामुळे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. चार माणसांसाठी ८० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर दिवसाला २.३ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ७० युनिट लागतात. येथेही तोच नियम लागू पडतो. गिझर दिवसभर चालू न ठेवणे, त्याच्या तापमानाचा खटका गरजेपुरताच ठेवणे, लांब नळावर रोधक वेष्टन चढवणे आणि शक्य तेथे सौर बंब वापरणे या उपायांनी वापराचे पाणी कमी न करताही खर्च उतरतो.

छपराचा रोधक थर मात्र महाराष्ट्रालाही तितकाच उपयोगी आहे, कारण उष्णतेची वाट अडवणारा थर हिवाळ्यात ती बाहेर जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात आत येऊ देत नाही. विदर्भातील मे महिन्यात तापलेल्या गच्चीखाली राहणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिता’ या निवासी इमारतींसाठीच्या नियमावलीत छपराचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे, तसेच थंड हवामानाच्या विभागात छप्पर वगळता उर्वरित बाह्य आवरणाचे सरासरी यू-मूल्य १.८ पेक्षा अधिक नसावे, अशा मर्यादा सुचवल्या आहेत. युरोपीय मानदंडांच्या तुलनेत त्या सौम्य असल्या तरी त्यांमागील विचार महत्त्वाचा आहे. हीटर, गिझर किंवा बॉयलर दहा-पंधरा वर्षांत बदलला जातो, तर भिंतीची जाडी, खिडकीची दिशा आणि छपरातील थर हे निर्णय घर उभे असेतोवर, म्हणजे पन्नास-साठ वर्षे, दर महिन्याच्या बिलात उतरत राहतात. ते बांधकामाच्या वेळी घेतले तर थोडक्या खर्चात होतात आणि पुढे ढकलले तर तेच काम घर उकरून, कित्येक पट खर्चाने करावे लागते.